'वेचणी'चे अकरा अंक आणि माझा खोकला

दवाखान्यातून घरी येऊन मला आता सव्वा वर्ष झालं. परवा तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला, समाधानानं मान हलवली आणि एकदम म्हणाले, "तुम्ही लिहिणारे आहात ना? मग या आजारावर लिहा काहीतरी. वॉर्डात नवा माणूस येतो तो अर्धा मेलेलाच येतो. त्याला धीर येईल असं लिहा."

मी हो म्हणालो. डॉक्टरांना नाही म्हणायची सवय दवाखान्यात पार मोडून जाते. पण गाडीत बसल्यावर मला माझाच राग आला. धीर माझ्याजवळ आहे कुठं वाटायला? क्षयाच्या माणसाला माझं सांगणं चार ओळींत संपतं. उघड्या खिडकीजवळ झोपा. खोकताना तोंडावर फडकं धरा. बरं वाटायला लागलं म्हणून सुया आणि पुड्या बंद करू नका. घरच्यांनी तुमचं ताट वेगळं ठेवलं तर त्यांच्यावर रुसू नका. बाकी जे लिहिणार आहे त्यानं कोणाला धीर येईल असं मला वाटत नाही, आणि ज्याला तो हवा असेल त्यानं इथंच थांबलेलं बरं.

* * *

मी पुलगावला एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होतो. दिवाळीपासून होळीपर्यंत जिनात कापसाचा हंगाम चालतो आणि त्या दिवसांत हवेत इतकी रुई उडते की वहीवर लिहिलेल्या ओळीवर शाई वाळायच्या आत पांढरी लव बसते. हमाल, मशीनवरच्या बाया, कारकून, सगळेच खोकतात. त्यावर आमच्याकडं एकच औषध, गुळाचा खडा. गूळ खाल्ला की घशातली रुई खाली उतरते, असं जिनातलं प्रत्येक माणूस शपथेवर सांगेल. मलाही खोकला झाला. मी गूळ खाल्ला. हंगाम संपला, मशीन बंद पडल्या, चैत्र उजाडला तरी खोकला राहिला, तेव्हा आमचे वजनकाटेवाले म्हणाले, "राह्यते बाबू, हंगामभराचा कापूस हाय आत. निघाले टाइम लागते." मी आणखी गूळ आणला. सात-आठ महिने मी क्षयावर गूळ खाल्ला, आणि शहाणा समजला जाणारा माणूस होतो मी.

शहाणा समजायचं कारण 'वेचणी'. हे आमचं हस्तलिखित मासिक. मी आणि माझा मित्र भास्कर, तो शाळेत मास्तर, अशा दोघांनी ते सुरू केलं. ज्यांनी हस्तलिखित पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: छापखाना नाही, काही नाही, साठ-सत्तर पानांची एकच प्रत. गोष्टी आणि कविता आम्ही लिहायच्या, मुखपृष्ठ भास्करनं रंगवायचं आणि सगळा अंक सुवाच्य अक्षरात उतरवून काढायचा भास्करच्या धाकट्या बहिणीनं, कमलनं. ती एकोणीस वर्षांची होती. मॅट्रिकला एकदा बसून नापास झालेली, पण अक्षर असं की छापील पुस्तकानं लाजावं. मथळे लाल शाईत, मजकूर काळ्या. अंक शिवून झाला की तो पंधरा घरांत फिरायचा, प्रत्येक घरी दोन दिवस. मागच्या कोऱ्या पानांवर लोक अभिप्राय लिहायचे. 'फार हृदयद्रावक', 'लेखणी अशीच तळपत राहो', असलं. मी ते पाठ करून ठेवत असे. आज हसू येतं, पण तेव्हा मी पगारासाठी जगत नव्हतो, त्या पानांसाठी जगत होतो.

अंक फिरायला निघण्याआधी पहिल्या रविवारी दुपारी भास्करच्या घरच्या बैठकीत त्याचं वाचन व्हायचं. सात-आठ माणसं यायची. वाचायचो मी, सगळ्यांचं मीच, कारण माझा आवाज चांगला असं ठरलं होतं. कमल माझ्या शेजारी मूळ कागद घेऊन बसायची. उतरवताना काही सुटलं असेल तर वाचताना सापडतं, म्हणून ती कागदावर डोळे लावून माझ्या इतकी जवळ बसायची की पान उलटताना माझं कोपर तिच्या हाताला लागायचं. आमच्याकडचा उन्हाळा कसा असतो ते वऱ्हाड-नागपूरकडच्या माणसाला सांगायला नको. चैत्र-वैशाखात दुपारी दारं-खिडक्या घट्ट लावून घ्यायच्या, दारावर ओलं गोणपाट टाकायचं, आणि त्या अंधाऱ्या गारव्यात तीन-तीन तास मी वाचत असे आणि खोकत असे.

एक गोष्ट मला सांगितलीच पाहिजे. वैशाखातल्या अंकात माझी एक कथा होती, एक आई मरते अशी. शेवटच्या पानावर मला उबळ आली. वाक्य अर्धं राहिलं, डोळ्यांत पाणी आलं, मी पंचा तोंडाला लावला. वर पाहिलं तर दाराशी बसलेल्या दोघी बाया पदरानं डोळे पुसत होत्या. त्यांना वाटलं, लेखकालाच गहिवर आला. मी ते तसंच वाटू दिलं. पंचा खाली ठेवून, थोडं थांबून, मी शेवटचं वाक्य अगदी हळू आवाजात वाचलं. त्या महिन्याचे अभिप्राय सगळ्यात चांगले होते.

* * *

रक्त पडलं ते ज्येष्ठात, जिनाच्या ऑफिसात. रुमालावर लाल डाग दिसला तेव्हा पहिला विचार आला की कमलची मथळ्याची शाई लागली असेल. मी रुमाल धुवायलासुद्धा उठलो. दुसऱ्यांदा पडलं तेव्हा खाली बसलो.

भास्कर मला वर्ध्याला घेऊन गेला. फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीशी धरला आणि बोटानं एक जागा दाखवली. मला त्यात काही कळलं नाही, ढगाळ आभाळासारखं काहीतरी होतं. "कबसे खाँस रहे हैं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, हंगामापासून, रुईचा खोकला आहे. त्यांनी नाव लिहून घेतलं. मग म्हणाले की लवकरात लवकर भरती व्हा, घरात लहान मूल असेल तर आजच दूर ठेवा.

येताना गाडी रिकामी होती. जाताना भास्कर माझ्या शेजारी बसला होता. येताना तो समोरच्या बाकावर बसला आणि खिडकीबाहेर पाहत राहिला. वर्धा ते पुलगाव मी त्याच्या गुडघ्यांकडे बघत आलो. मी त्याच्या जागी असतो तर पुढच्या डब्यात बसलो असतो, म्हणून त्याला बोल लावत नाही.

घरी सुमतीनं, माझ्या बायकोनं, ऐकून घेतलं आणि चूल फुंकत राहिली. जेवायला बसलो तर माझं ताट ओसरीवर, वेगळं. मी आत तिच्याकडे पाहिलं. तीच आतून ओरडली, "असे पाहू नोका माह्याकडे! डॉक्टरनं सांगतलं तेच केलं मी. माहं काय मन होऊन राह्यलं काय असं कराले?" आणि रडायला लागली. आमची बेबी तेव्हा तीन वर्षांची होती. तिला दुसऱ्या दिवशी वडनेरला आजोबांकडे पोचवलं. ती जाताना मी तिला उचलून घेतलं नाही. ती हात वर करून उभी होती, आणि मी मागं सरकलो. ते तिला आता आठवत नाही, असं सुमती म्हणते.

* * *

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. वर्ध्याजवळ, निंबाच्या झाडांत एक लांब बरॅक, दोन्ही बाजूंना उघडे वऱ्हांडे, वीस खाटा. प्रत्येकाच्या खाटेखाली झाकणाचा मग, थुंकण्यासाठी. सकाळी थर्मामीटर, मग सुई, मग कडू पुड्या, ज्यांनी दिवसभर पोट ढवळून निघायचं. मग गप्प पडून राहायचं. वाचायचं नाही, बोलायचं नाही, कुशीवर वळायचं तरी हळू. दर आठवड्याला बरगड्यांमधून सुई घालून आत हवा भरायचे, म्हणजे फुप्फुस दबून विसावा घेतं म्हणे. पहिल्यांदा हवा भरली तेव्हा मला वाटलं, आता मी फुटणार. शेजारच्या खाटेवरचा माणूस म्हणाला, "नाई फुटत. मी सहा मयने भरून राह्यलो."

भीतीला तिथं ठराविक वेळ नव्हती. खाट रिकामी झाली की दोन दिवस वॉर्डात कोणी मोठ्यानं बोलत नसे, तिसऱ्या दिवशी नवा माणूस यायचा आणि त्याला जुने लोक सांगायचे की इथं सगळे बरे होतात. मीही सांगायला शिकलो. चांगलं म्हणावं असंही थोडं होतं. संत्र्यांचे दिवस आले की एक सिस्टर स्वतः सोलून फोडी हातावर ठेवायची, हातमोजे न घालता. कित्येक महिन्यांनी कोणाची तरी बोटं माझ्या तळहाताला लागली. संत्रं आंबट होतं, आणि मी तोंड फिरवून रडलो.

शेजारच्या त्या माणसाचं नाव दौलत. समुद्रपूरकडचा, थोडं स्वतःचं शेत सांभाळून दुसऱ्यांच्या शेतात राबणारा, वय चाळीसच्या आसपास. त्याला मी एकदा बढाईनं सांगितलं की मी गोष्टी लिहितो.

"कायच्या गोष्टी?"

"माणसांच्या. सुखदुःखाच्या."

"मंग त्यानं काय होते?"

त्यानं चिडवायला विचारलं नव्हतं. खतानं काय होते म्हणावं, तितक्या सरळ आवाजात विचारलं. मी म्हणालो, "वाचणाऱ्याला वाईट वाटतं, चांगलं वाटतं. मन हलतं."

तो बराच वेळ विचार करत पडला. मग म्हणाला, "आन् मन हाललं म्हंजे?"

मला संताप आला. मनात म्हटलं, या अडाणी माणसाशी कशाला बोलायचं. दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्यासमोर पोस्टकार्ड धरलं. "तुमी लिवता ना भाऊ, मंग हे लिवून द्या. लिवा, मी ठीक हाय. दूध भेटते, अंडं भेटते. येचाले बाया लवकर सांगजो, कापूस भुईवर सांडू नको देजो." त्या दिवशी त्याला ताप चढलेला होता आणि बोलताना धाप लागत होती. मी सगळं लिहिलं. पुढं वॉर्डातली बरीच पत्रं माझ्याकडे आली. ज्या वाक्यांची कोणी वाट पाहत असेल अशी वाक्यं मी आयुष्यात त्या कार्डांवरच लिहिली, आणि ती बहुतेक खोटी होती. दौलत माघात गेला. तोपर्यंत त्याच्या घरचा कापूस नीट निघाला होता, हे मला माहीत आहे, कारण उत्तरही मीच वाचून दाखवलं होतं.

* * *

सुमती दर पंधरा दिवसांनी यायची. वऱ्हांड्याच्या कठड्यापलीकडं उभं राहून बोलायचं, आत यायचं नाही. एका भेटीत मी विचारलं, "पुढचा अंक काढणार आहे का भास्कर? जुने नीट ठेवलेत ना?"

ती म्हणाली, "सांगू नोका म्हनले होते भास्करभाऊ. काकूनं जाळले थे."

"जाळले? किती?"

"सगळे. बंबात टाकले. गावात लोक म्हनाले, त्याच्या हातचे कागद हायत, त्यातून रोग येते. ज्याच्या घरी शेवटचा अंक होता त्यानं चिमट्यात धरून आनून देल्ला."

अकरा अंक. काकू म्हणजे भास्करची आई. त्या अकरा अंकांच्या जाळावर त्यांनी घरच्यांच्या आंघोळीचं पाणी तापवलं. मी कठड्याला धरून उभा राहिलो आणि सुमतीवर ओरडलो, जणू काडी तिनंच लावली. सगळा वॉर्ड ऐकत होता. ती म्हणाली, "तुमाले बेबी कशी हाय हे नाई विचारलं आज." आणि पिशवी ठेवून गाडीला गेली. खरंच विचारलं नव्हतं. मला त्या क्षणी कागद जळल्याचं जेवढं दुःख होतं तेवढं आजाराचंही नव्हतं. एका प्रतीचं मासिक जळलं म्हणजे ते कधी नव्हतंच. साठ-सत्तर पानं, अकरा महिने, सगळं पाणी तापवण्यापुरतं. महिनाभर मी याच दुःखात लोळत होतो, आणि आता वाटतं, ते दुःख टिकलं असतं तर किती बरं झालं असतं.

कारण पुढच्या एका भेटीत सुमती म्हणाली, "कमल खोकलून राह्यली."

"डॉक्टरला दाखवलं?"

"काऊन दाखवतीन? पाहुने येऊन राह्यले तिले पाहाले. क्षयाचं नाव निंघालं त कोन करन लग्न? काकू म्हनते, उन्हाचा खोकला हाय."

त्या दिवशी मी डॉक्टरांना वाटेत गाठलं. सगळं सांगितलं. हस्तलिखित, एक प्रत, पंधरा घरं, लोक थुंकी लावून पानं उलटतात. माझ्या कागदांतून त्या मुलीला रोग गेला असेल का? डॉक्टर हसले. म्हणाले, कागदातून असा जात नाही, उगाच जाळले लोकांनी, निश्चिंत राहा. माझ्या अंगातलं ओझं उतरलं. मी त्यांचे आभार मानले. ते पुढं निघाले, मग थांबून सहज म्हणाले, "उसके साथ एकही कमरे में बैठना-बोलना होता था क्या? बंद कमरे में?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते समजले असावेत, कारण त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मग म्हणाले की कोणाचा रोग कोणाकडून आला हे देवसुद्धा सांगू शकत नाही, आराम करा.

देवाला नसेल सांगता येत. मला त्या बैठकीतली प्रत्येक दुपार आठवत होती. अकरा महिने मी माझ्या तोंडातून शब्द काढत होतो आणि एक मुलगी त्या तोंडाच्या वीतभर अंतरावर बसून ते तपासत होती. माझ्या लेखनानं कोणाचं मन हललं की नाही, ठाऊक नाही. माझ्याकडून एक गोष्ट मात्र नक्की कोणाच्या तरी छातीत जाऊन बसली. खाटेवर पडून मी स्वतःला विचारी, त्या रविवारी मी वाचलं नसतं तर जगाचं काय अडलं असतं? कोणाचंच काही अडलं नसतं. हा हिशेब मी कितीदा केला, उत्तर बदललं नाही.

* * *

मी घरी आलो तेव्हा कमल अंथरुणाला खिळली होती. पाहुण्यांनी दोनदा नाकारली, आणि तिसऱ्यांसमोर तिला रक्ताची गुळणी आली, तेव्हा कुठं दाखवलं. छातीच्या दोन्ही बाजू गेल्या होत्या. घरीच सुया चालू होत्या.

भास्करच्या घरी जायला मला महिना लागला. काकूंनी दार उघडलं, 'ये' म्हणाल्या नाहीत, 'नको' म्हणाल्या नाहीत, बाजूला झाल्या. कमल मागच्या पडवीत खाटेवर होती. तिचे हात पाहून मी नजर खाली घातली. पाठ करून आणलेलं सगळं मी एका दमात बोललो. वाचन, बंद दारं, खोकला. त्या गहिवराचंही सांगितलं. "तुझं हे माझ्यामुळं झालं कमल."

"मालूम हाय मले," ती म्हणाली. "मले तवाच वाटलं होतं, तुमाले उबळ आली थे. रडू नोतं आलं."

"मग बोलली का नाहीस? उठून का गेली नाहीस?"

ती थोडा वेळ धाप ओसरू देत राहिली. मी म्हणालो, निदान त्या गोष्टी तरी तुला आवडत असतील. हे वाक्य मी का बोललो, देव जाणे. एवढं सगळं कबूल केल्यावरही मला त्या मरायला टेकलेल्या मुलीकडून अभिप्राय हवा होता.

"खरं सांगू वसंतभाऊ? मले तुमच्या गोष्टी कधी नाई आवडल्या. त्यात सगळे लोक एकसारखे बोलत. पन रविवारी दुपारच्याले मले बैठकीत बसाले भेटे. सगळ्याईच्या संग. नाईतं पाहुने आले का मले आतच बसा लागे." मग म्हणाली, "आन् अक्षर काढाले आवडे मले. 'क्ष' काढाले लय आवडे."

मी तिथं आणखी किती वेळ बसलो, आठवत नाही. निघताना तिनं विचारलं की मी आत बसले असते तर आज बरी असते का. मी म्हणालो, कोणालाच सांगता येत नाही. डॉक्टरांचंच वाक्य दिलं तिला. ती मार्गशीर्षात गेली.

* * *

दोन महिन्यांनी भास्कर घरी आला. ओसरीवर बसला, बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरत राहिला, आणि म्हणाला, "वसंता, 'वेचणी'चा अंक काढू. कमलच्या नावानं. तिच्यावर तू लिही. तूच लिहू शकतोस."

मी म्हणालो, शक्य नाही. तो म्हणाला, "तिचं काहीच नाही रे उरलं घरात. आईनं सगळं जाळलं, तिचं अक्षरसुद्धा." तेव्हा मला नाही म्हणता आलं नाही.

पहिले चार दिवस कागद कोरा राहिला. पाचव्या दिवशी एक वाक्य आलं, तिच्या बोटांबद्दल आणि टाकाबद्दल. चांगलं वाक्य होतं. मी ते पुन्हा वाचलं, एक शब्द बदलला, आणखी चांगलं झालं. आणि मला बरं वाटलं. उठून चहा मागितला. सुमती म्हणाली, "आज तुमचा चेहरा उतरलेला नाई दिसत." तेव्हा मला कळलं की कमलच्या मरणावर मी दुपारभर खूश होतो. तरी लिहिणं थांबवलं नाही. लेख सात पानांचा झाला. त्यात एक शांत, सोशिक मुलगी होती, साहित्यावर प्रेम करणारी, शेवटच्या श्वासापर्यंत अंकाची वाट पाहणारी. बैठक होती, दारावरचं ओलं गोणपाट होतं, वाचन होतं. त्यात मी कुठंच खोकत नव्हतो.

भास्कर म्हणाला, आईला आधी वाचून दाखव, तिला वाचता येत नाही. मी गेलो. दारं उघडी ठेवली, लांब बसलो, आता धोका नसला तरी. काकू सूप मांडीवर घेऊन तूर निवडत होत्या. मी सगळं वाचलं. मधे त्यांचा हात थांबला नाही. संपल्यावर त्या म्हणाल्या, "चांगलं लिवलं. पन हे कोनाची पोट्टी हाय?"

"काकू, कमलची..."

"माही कमल अशी नोती. लय तोंडाची होती. मायले उलटून बोले. भावाच्या ताटातली पोळी हिसके. मराच्या दिवशीही भांडली माह्याशी, मले आंबट वरन पाह्यजे म्हने. मी नाई केलं." एवढं बोलून त्या तूर निवडायला लागल्या, आणि मग सूप बाजूला ठेवून तोंडात पदर कोंबला.

मी खिशातला पेन काढला. म्हणालो, "काकू, चुकलं माझं. सांगा तुम्ही, मी हे खोडतो, ती होती तशी लिहितो."

त्यांनी डोळे पुसले, माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिलं, आणि अगदी समजूत घालावी तशा आवाजात म्हणाल्या, "खोडू नोको वसंता. राहू दे. लोकाईले असंच आवडते."

मी खोडलं नाही. अंक निघाला. लोकांना तो लेख फार आवडला. दोन घरांनी तो पुन्हा मागून नेला.